तिसाव्या दिवसाच्या आत डोळे तपासायला हवेत : नवजात कक्षासाठी मदतीचं आवाहन

जन्मवजन 2 किलोपेक्षा कमी किंवा जन्म 34 आठवड्यांआधीचा असेल, तर बाळाच्या डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) 30 दिवसांच्या आत तपासावाच लागतो, कारण अशा बाळांना पडद्याचा आरओपी (रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) हा आजार होऊ शकतो. 28 आठवड्यांआधीच्या किंवा 1200 ग्रॅमपेक्षा हलक्या बाळाचा तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतिणीनं उंबरठा ओलांडायचा नाही, आणि नेमकी तारीख त्यातच येते. शिवाय डोळे बाहेरून नितळ दिसतात. बाहुली पांढरी दिसेपर्यंत पडदा सुटलेला असतो, आणि नजर गेलेली असते.

पडद्यातल्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढतात. त्याला पूर्ण नऊ महिने लागतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की ती वाढ थांबते, आणि पुढे नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या फोफावतात, त्या पडदा ओढून सोडवतात. जंतुसंसर्ग, वारंवार रक्त चढवणं, मध्येच श्वास थांबणं, वजन न वाढणं यांनी धोका वाढतो. म्हणून ऑक्सिजन तोडायचा नाही, मोजून द्यायचा. नळीतून किती ऑक्सिजन जातो ते दाखवणाऱ्या फ्लोमीटरवर लिटर कळतात, टक्के कळत नाहीत. हवा मिसळायला ब्लेंडर लागतो. ऑक्सिजनवरच्या बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) 90 ते 95 टक्के राखायचं. तिथे 99 दिसलं की नातेवाईक खूश होतात, पण तोच धोक्याचा आकडा. (ऑक्सिजनशिवाय 99 असेल तर उत्तमच.)

आमच्या समितीला जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षासाठी 2 ब्लेंडर, त्यांना दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर आणि सॅच्युरेशन मोजायला तळपायाला गुंडाळायचे 20 सेन्सर घ्यायचे आहेत. सैल सेन्सर चुकीचा आकडा दाखवतो. वस्तू परस्पर आणू नका. सेन्सर मॉनिटरच्या बनावटीप्रमाणे बदलतो. कोविडनंतर घरी पडून असलेले काँसंट्रेटर इथे उपयोगाचे नाहीत. दूध पावडरचे डबेही नकोत, आईचं दूधच हवं.

दुसरी गरज गाडीभाड्याची. एका तपासणीनं भागत नाही. वाहिन्या कडेपर्यंत पोचेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी यावं लागतं, आणि लेसर किंवा इंजेक्शन ठरलं तर ते 48 ते 72 तासांत व्हावं लागतं. आई आणि सोबतच्या एकाचं भाडं आम्ही देतो.

रक्कम धनादेशानं किंवा यूपीआयनं द्यावी, पावती मिळेल. चौकशी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांकडे करावी.

फोन करणारे स्वयंसेवकही हवेत. तारखेच्या दोन दिवस आधी घरी एवढंच सांगायचं : तपासणीआधी तासभर पाजू नका, बाहुली मोठी करणारे थेंब 10-15 मिनिटांच्या अंतरानं दोन-तीनदा घालतात, त्यामुळे अर्धा दिवस मोकळा ठेवा, आणि डिस्चार्ज कार्ड विसरू नका.