‘दोन’ आणि ‘दोनच’

संपादक महोदय,

मी नौपाड्यात राहते. निवृत्तीनंतर स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना संध्याकाळी गणित शिकवते. सध्या त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या वहीत एका खासगी क्लासने वाटलेला सूत्रांचा कागद चिकटवलेला दिसतो. त्यावर तीन संचांची, म्हणजे तीन गटांत मिळून एकूण किती जण हे काढण्याची, दोन सूत्रे एकाखाली एक छापली आहेत, पण कोणते केव्हा वापरायचे याविषयी एक शब्दही नाही. त्यातून होणारे नुकसान रोज डोळ्यांसमोर दिसते, म्हणून हे पत्र.

परवा मी त्यांना एक उदाहरण घातले. २२० विद्यार्थ्यांपैकी ९० कबड्डी, ८० खो-खो आणि ७० बुद्धिबळ खेळतात. दोनच खेळ खेळणारे ५० आणि तिन्ही खेळणारे १५ आहेत. तर एकही खेळ न खेळणारे किती? निम्म्या मुलांनी १५ उत्तर काढले, निम्म्यांनी ६०. पहिल्या गटाने तिन्ही खेळांच्या २४० या बेरजेतून ५० वजा केले, त्यात तिन्ही खेळणारे १५ मिळवले आणि आलेले २०५ हे २२० मधून वजा केले, म्हणजे ‘दोनच’ या शब्दातला ‘च’ त्यांनी वाचलाच नाही. दोन-दोन खेळांच्या तिन्ही जोड्यांची बेरीज ५० दिली असती, तर तिन्ही खेळणारा विद्यार्थी त्या बेरजेत तीनदा आला असता आणि त्यांचे उत्तर बरोबर ठरले असते. येथे मात्र तसे नाही. परीक्षेत अशा वेळी दोन्ही उत्तरे पर्यायांत हमखास असतात, त्यामुळे चूक करणाऱ्याला आपले उत्तर समोर सापडल्याचे समाधानही मिळते.

खरे तर येथे सूत्राची गरजच नाही. ९०, ८० आणि ७० यांची बेरीज करताना एकच खेळ खेळणारा एकदा, दोन खेळ खेळणारा दोनदा आणि तिन्ही खेळणारा तीनदा मोजला गेला; प्रत्येकाला एकदाच मोजायचे असल्याने ५० एकदा आणि १५ दोनदा वजा करायचे, की १६० उरतात आणि बाहेरचे ६० होतात. एवढे समजलेल्या मुलीला मी पुन्हा सूत्र विचारताना पाहिलेले नाही.

दुसरी अडचण ‘पैकी’ या शब्दाची. ऐरोलीतल्या एखाद्या कार्यालयात ६० टक्के महिला आहेत, महिलांपैकी ४० टक्के लोकलने येतात आणि एकूण कर्मचाऱ्यांपैकी ५० टक्के लोकलने येतात, तर पुरुषांपैकी किती टक्के लोकलने येतात, असे विचारले की मुले लगेच दोन वर्तुळे काढतात आणि अडकतात. अशा प्रश्नाला साधा तक्ता पुरतो: आडव्या ओळींत महिला आणि पुरुष, उभ्या रकान्यांत लोकलने येणारे आणि न येणारे, कडेला बेरजा, एकूण १००. लोकलने येणाऱ्या महिला २४, म्हणून पुरुष २६, आणि ४० पुरुषांपैकी २६ म्हणजे ६५ टक्के. येथे ४० टक्के कशाचे, हे ठरवण्यातच सगळे गणित आहे.

नववीच्या बालभारतीच्या पुस्तकात संच हा पहिलाच धडा आहे आणि त्यात वेन आकृत्याही, म्हणजे संच दाखवणारी एकमेकांत गुंतलेली वर्तुळे, आहेत. जॉन वेन यांनी १८८० मध्ये या आकृत्या मांडल्या त्या तर्कशास्त्रातील विधाने आणि अनुमाने तपासण्यासाठी. आपण मात्र त्या आकडे भरण्याच्या चौकटीसारख्या शिकवतो. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेतील सीसॅट या कलचाचणीच्या पेपरात प्रश्नाला अडीच गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला त्याच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. ‘च’ निसटला, तर विद्यार्थी तेवढे गमावतो.

माझी विनंती शिक्षकांना आणि मराठीतून प्रश्न काढणाऱ्यांना आहे. ‘दोन खेळ खेळणारे’ असे मोघम लिहू नये. ‘दोनच’, ‘किमान दोन’ किंवा ‘कबड्डी आणि खो-खो दोन्ही’ यांपैकी जे अभिप्रेत असेल ते लिहावे. आपल्या भाषेत हा भेद एका अक्षरात होतो. वर्गात सूत्र फळ्यावर येण्याआधी प्रश्न मोठ्याने वाचून घ्यावा आणि प्रत्येक आकड्यासमोर ‘हे कोणापैकी?’ असे मुलांकडून लिहून घ्यावे. माझ्याकडच्या मुलांना त्यासाठी प्रश्नामागे अर्धा मिनिट पुरतो.

आपली,
एक निवृत्त गणितशिक्षिका,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)