गृहमंत्र्यांना खुले पत्र: वस्त्यांची यादी नको, कोपऱ्यांचा नकाशा हवा

माननीय गृहमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

शहरात खुनाची किंवा जबरी चोरीची मोठी घटना घडली की पुढचा क्रम ठरलेला असतो. ‘संवेदनशील वस्त्यां’ची यादी निघते. त्या वस्त्यांत रात्री कोम्बिंग ऑपरेशन होते, रेकॉर्डवरच्या मंडळींना ठाण्यात आणून बसवतात आणि आठवडाभरात सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते. ही यादी बंद करावी, अशी विनंती करायला हे पत्र लिहीत आहे. गुन्हा आणि जागा यांचे नाते हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. या विषयावर जगभर जे संशोधन झाले त्यावरून एवढे खात्रीने सांगता येते, की अख्खी वस्ती हे माप फार ढोबळ आहे आणि त्या ढोबळपणाचा भुर्दंड तिथल्या निरपराध माणसांना पडतो.

जागेनुसार गुन्हे मोजायला दोनशे वर्षांपूर्वीच सुरुवात झाली. आंद्रे-मिशेल गेरी आणि आद्रियानो बाल्बी यांनी 1829 मध्ये फ्रान्सचे गुन्ह्यांचे नकाशे काढले. अज्ञान जास्त तिथे गुन्हे जास्त, असे तेव्हा सर्रास मानले जाई. नकाशाने वेगळेच दाखवले. शिक्षणात पुढे असलेल्या उत्तरेकडच्या भागात मालमत्तेचे गुन्हे जास्त होते, तर मारामाऱ्या आणि खून दक्षिणेकडे. म्हणजे ‘गुन्हेगारी’ नावाची एकच गोष्ट सगळीकडे सारख्या कारणाने वाढते, हा समज पहिल्याच नकाशाने मोडीत काढला होता.

पुढचा मोठा टप्पा शिकागोचा. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मके यांनी बालन्यायालयात आलेल्या मुलांचे पत्ते अनेक दशकांच्या नोंदींतून काढून नकाशावर मांडले. शहराच्या मध्याला लागून असलेल्या, मोडकळीस आलेल्या पट्ट्यात अशा मुलांचे प्रमाण सतत जास्त होते. तिथे आधी जर्मन आणि आयरिश कुटुंबे राहत, मग इटालियन आणि पोलिश आली, नंतर कृष्णवर्णीय आली. माणसे बदलली, पट्ट्याचे प्रमाण बदलले नाही. जे बाहेर पडले त्यांच्या मुलांचे न्यायालयात येणे कमी झाले. ‘ही जमातच तशी’ असे म्हणणाऱ्यांना याहून ठोस उत्तर मला माहीत नाही.

मात्र या नकाशात एक मर्यादा होती आणि आपल्या खात्याने नेमकी तिचीच गफलत केली आहे. शॉ आणि मके यांनी मांडलेले पत्ते मुलांच्या घरांचे होते, गुन्हा घडला त्या जागेचे नव्हते. आरोपी कुठे राहतो आणि गुन्हा कुठे घडतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्या याद्यांत ते सर्रास एकत्र मिसळलेले दिसतात.

दुसरी गफलत 1950 मध्ये डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी दाखवून दिली. अमेरिकेच्या ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरताही जास्त होती. यावरून स्थलांतरित जास्त साक्षर, असे कोणीही म्हटले असते. एकेका माणसाची माहिती पाहिली तर चित्र उलटे: स्थलांतरितांत निरक्षरतेचे प्रमाण थोडे जास्तच होते, फक्त ते साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. भागाच्या सरासरीवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढू नये, हे तेव्हापासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. ‘अमुक वस्तीतला म्हणजे संशयित’ हे नेमके तेच आहे, फरक एवढाच की इथे त्यापायी एखाद्याची रात्र कोठडीत जाते.

मग माप कोणते घ्यायचे? लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये मिनिआपोलिस शहरातून पोलिसांना आलेल्या फोनचा हिशेब मांडला. शहरातल्या जेमतेम 3 टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आले होते. डेव्हिड वाइसबर्ड यांनी सिअॅटलमध्ये 14 वर्षांचे गुन्हे रस्त्याच्या एकेका तुकड्यानुसार मोजले. तुकडा म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचा भाग. 4 ते 5 टक्के तुकड्यांवर निम्मे गुन्हे होत होते आणि हे प्रमाण वर्षानुवर्षे जवळपास तेवढेच राहिले. तेल अवीवमध्येही असेच आढळले. यातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की ‘बदनाम’ भागांतलेही बहुतेक रस्ते शांत होते आणि ‘चांगल्या’ भागांतही एखादा तुकडा पेटलेला होता. एका चौकात रोज मारामारी आणि पुढच्या चौकात वर्षभर काहीच नाही, असे शेजारी-शेजारी सापडत होते. वस्तीच्या यादीत हे दोन्ही चौक एकाच शिक्क्याखाली जातात.

एखादाच कोपरा असा का होतो, याचे एक साधे उत्तर लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी 1979 मध्ये दिले. गुन्हा करू पाहणारा, हाताशी असलेले सावज आणि राखण करणाऱ्याचा अभाव, या तीन गोष्टी एका वेळी एका जागी आल्या की गुन्हा घडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उत्पन्न वाढत असताना घरफोड्याही का वाढल्या, हे त्यांनी यावरून उलगडले: घरातली अधिक माणसे कामाला आणि शिकायला बाहेर पडू लागली, दिवसा घरे ओस राहू लागली आणि घरातल्या महाग वस्तू हलक्या, सहज उचलता येण्याजोग्या झाल्या. यात माणसे अधिक वाईट झाली, असे कुठेही मानावे लागत नाही.

राखण फक्त पोलीस करतात असेही नाही. रॉबर्ट सॅम्पसन, स्टीफन रॉडनबुश आणि फेल्टन अर्ल्स यांचे 1997 चे संशोधन आपल्या अधिकाऱ्यांनी अवश्य वाचावे. शिकागोच्या 343 परिसरांतल्या 8,782 रहिवाशांना त्यांनी अगदी रोजचे प्रश्न विचारले. मुले शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी राहिली तर शेजारी त्यांना हटकतील का? भिंतीवर कोणी रंग फासत असेल तर कोणी अडवेल का? जवळचे अग्निशमन केंद्र बंद व्हायची वेळ आली तर लोक एकत्र येतील का? जिथे ‘हो’ म्हणणारे जास्त, तिथे हिंसाचार कमी होता. गरिबीचा हिशेब लावल्यावरही कमी होता. गरीब परिसर एकजुटीचा असू शकतो. पण जिथे घरे सारखी रिकामी करावी लागतात आणि शेजारी टिकत नाहीत, तिथे मुलांना हटकायची हिंमत कोण करणार? रात्री-अपरात्री दारे ठोठावून सगळ्यांना एकाच नजरेने पाहिले, तर उरलासुरला भरवसाही जातो. पोलिसांना फोन करणारा पहिला माणूस याच वस्तीतला असतो, त्यालाच आपण गप्प करतो.

कचरा, भिंतीवरची रंगरंगोटी, टवाळकी यांवर कडक कारवाई केली की मोठे गुन्हे आपोआप घटतील, हा विचारही खात्यात लोकप्रिय आहे. सॅम्पसन आणि रॉडनबुश यांनी गाडीत कॅमेरे बसवून शिकागोचे हजारो रस्ते चित्रित केले आणि हे तपासले. गरिबी आणि शेजाऱ्यांमधली एकजूट लक्षात घेतल्यावर अस्वच्छता आणि बहुतेक गुन्हे यांचा संबंध जवळजवळ उरला नाही. जबरी चोरीपुरता काहीसा राहिला. त्यांचा 2004 चा निष्कर्ष तर अस्वस्थ करणारा आहे. चित्रीकरणात पसारा सारखाच दिसत असतानाही, जिथे कृष्णवर्णीय आणि गरीब जास्त तिथे लोकांना तो अधिक ‘दिसत’ होता. संवेदनशील वस्त्यांची यादी ज्या नजरेने बनते, तिच्याबद्दल ही धोक्याची घंटा आहे. यादी संगणकाने बनवली म्हणून सुटका होत नाही. क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांनी 2016 मध्ये अमेरिकेतल्या ओकलंड शहराच्या पोलिसांकडच्या अमली पदार्थांच्या नोंदी, पुढचा गुन्हा कुठे घडेल याचे भाकीत करणाऱ्या संगणक प्रणालीला पुरवून पाहिल्या. सर्वेक्षणांवरून सेवन शहरभर पसरलेले दिसत होते, पण प्रणाली पोलिसांना पुन्हा-पुन्हा त्याच भागांत पाठवत राहिली जिथे त्यांनी आधी जास्त अटका केल्या होत्या.

पोलीस पाठवूच नका, असे मी म्हणत नाही. नेमक्या जागी वाढवलेल्या गस्तीने गुन्हे घटतात आणि ते शेजारच्या गल्लीत सरकतातच असे नाही, उलट आजूबाजूलाही फायदा दिसतो, हे अनेक प्रयोगांतून पुढे आले आहे. पण जागा दुरुस्त करण्याचे इतर मार्गही तेवढ्याच कसोशीने तपासले गेले आहेत. फिलाडेल्फियात 541 ओसाड मोकळे भूखंड निवडले आणि कोणते सुधारायचे ते सोडतीने ठरवले. काम अगदी साधे होते. कचरा उचलला, जमीन सपाट केली, गवत लावले, थोडी झाडे लावली आणि भोवती बुटके लाकडी कुंपण घातले, ज्यातून माणूस आत-बाहेर करू शकेल पण गाडी आणून राडारोडा टाकता येणार नाही. पुढे नियमित देखभाल केली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गरीब परिसरांत बंदुकीच्या हिंसेत 29 टक्के घट झाली. न्यूयॉर्कमध्ये 2016 मध्ये सार्वजनिक गृहसंकुलांत असेच सोडतीने प्रखर दिवे उभारले. रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटले. यासाठी कोणाचे दार ठोठावावे लागले नाही.

घाई का, तेही सांगतो. पॅट्रिक शार्की यांनी 2010 मध्ये शिकागोच्या कृष्णवर्णीय मुलांच्या वाचनाच्या आणि शब्दज्ञानाच्या चाचण्या तपासल्या. घराजवळ नुकताच, म्हणजे आठवड्याभरात, खून झालेला असेल तर मुलांचे गुण लक्षणीय घसरलेले होते. मुलांनी तो पाहिलेला असण्याचीही गरज नव्हती. एका कोपऱ्यावरचा खून पलीकडच्या घरात अभ्यास करणाऱ्या मुलापर्यंत असा पोहोचतो.

म्हणून, महोदय, माझे मागणे असे. वस्त्यांची नावे जाहीर करणे थांबवावे. प्रत्येक फिर्यादीत घटनेची नेमकी जागा आणि वेळ कोपऱ्यापर्यंत नोंदवली जावी; ‘ठाण्याच्या हद्दीत’ एवढ्यावर भागवू नये. पीडितांची ओळख जपून, आणि लैंगिक गुन्हे पूर्ण वगळून, हा नकाशा अभ्यासकांना आणि रहिवाशांना पाहता यावा. दिवे, मोकळ्या जागा आणि पडक्या इमारती यांची जबाबदारी ज्या खात्यांकडे आहे, त्यांनाही तो नकाशा समोर ठेवून पोलिसांबरोबर बसवावे. सुरुवातीला एकाच ठाण्याची हद्द घ्या. तिथले सर्वांत त्रासाचे 40 कोपरे काढा, रहिवाशांना विचारून प्रत्येकाची दुरुस्ती ठरवा, त्यातले 20 सोडतीने निवडून आधी दुरुस्त करा आणि वर्षभराने दोन्ही गटांचे आकडे जसे येतील तसे छापा. उरलेल्या 20 कोपऱ्यांच्या कामाची तारीखही त्याच दिवशी जाहीर करा.

आपला,
गुन्हे आणि जागा या विषयाचा एक अभ्यासक