गांडुळांची टाकी कमरेइतकी उंच बांधूया

आई-बाबा,

नमस्कार. फोनवर हे सगळं नीट बोलणं होत नाही, बाबा दोन मिनिटांत फोन आईकडे देतात आणि आई जेवलीस का, झोपतेस का यावर येते, म्हणून लिहूनच पाठवतेय. दोघांनी मिळून वाचा, आणि बाबा, चष्मा लावून वाचा.

आई म्हणाली की हल्ली सकाळी सकाळी तुम्ही खुराड्यामागच्या उकिरड्यात कुदळ घालून गांडुळं उकरता आणि कोंबड्यांना टाकता. गांडुळं घालायचं डोकं एकदम बरोबर आहे, त्यात माझा काही वाद नाही. गांडूळ वाळवलं तर त्यात ६० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, सोयाबीनच्या पेंडीत साधारण ४५, आणि लायसिन, मेथिओनिन म्हणजे प्रथिनांतले जे घटक तांदळाच्या कणीत आणि मक्याच्या भरड्यात कमी पडतात ते गांडुळात चांगले असतात. पेंडीच्या भावाचं तर तुम्हाला माहितीच आहे, २०२१ ला ते इतके चढले की केंद्र सरकारला १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणायची परवानगी द्यावी लागली, मोठे पोल्ट्रीवाले जिथे टेकीला आले तिथे घरच्या दहा कोंबड्यांसाठी आपण पेंडीवर किती खर्च करायचा. त्यामुळे करायचंच, फक्त उकिरड्यातून नको.

का नको ते सांगते. खुराडं झाडलेली सगळी घाण त्याच उकिरड्यात जाते. कोंबडीच्या पोटात जंत असले की त्यांची अंडी विष्ठेतून तिथे पडतात, गांडूळ ती मातीसोबत गिळतं आणि त्याच्या अंगात ते जंत जिवंत राहतात, मग तेच गांडूळ आपण परत कोंबडीला घालतो. चपटे जंत पण याच रस्त्याने येतात, आणि पिल्लं तोंड उघडून धापा टाकतात तो श्वासनळीतला जंतसुद्धा गांडुळातून येऊ शकतो. म्हणजे इतकी मेहनत करून आपण रोग परत खुराड्यात आणायचा. आणि दुसरी गोष्ट बाबा, मागच्या वर्षी कंबर धरली होती तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते ते मी विसरले नाहीये, कुदळ तुमच्या हातात नकोच.

म्हणून गांडुळं वेगळी पाळायची, गाईच्या शेणावर, आणि उंचावर. गवंड्याला सांगून दीड फुटाचा चिऱ्यांचा ओटा आणि त्यावर दीड फूट खोल टाकी बांधून घ्या, म्हणजे आई उभ्या उभ्या हात घालू शकेल, गुडघे वाकवायला नकोत. रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे, लांबी आठ फूट पुरे. तळाला उतार आणि एका कोपऱ्यात पाइप ठेवा, आपल्याकडचा पाऊस बघता पाणी साचलं तर सगळी मरतील नाहीतर रात्रीतून बाहेर निघून जातील. जे पाणी पाइपमधून येईल ते भाजीला घाला. वर पत्रा, पत्र्यावर झावळ्या, टाकीला जाळीचं झाकण, नाहीतर कोंबड्याच आधी फस्त करतील, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून ओट्याच्या भोवती पाण्याने भरलेला चर.

ताजं शेण अजिबात घालायचं नाही हं, ते आतून तापतं. सावलीत पंधरा दिवस पसरून थंड झालं की मगच, त्यात सुका पालापाचोळा, पेंढा, केळीचे खुंट बारीक करून. भाजीची देठं चालतील, लिंबाच्या साली, कांदा, मीठ-तिखटाचं उरलेलं नको. गाईला जंताचं औषध दिलं की त्यानंतर महिनाभराचं शेण टाकीत नको, दुसरीकडे टाका. वर ओलं गोणपाट, मूठ दाबली की एखाद-दुसरा थेंब यावा इतकीच ओल.

कल्चर, म्हणजे सुरुवातीला टाकीत सोडायची गांडुळं, कृषी विज्ञान केंद्रात विचारा, गांडूळखताची लाल गांडुळं बहुतेक सगळीकडे असतात, पण युड्रिलस जातीची मिळाली तर तीच घ्या, ती मोठी होतात आणि आपल्या उबदार हवेत चांगली वाढतात.

आता हिशोब, कारण बाबा तुम्ही लगेच म्हणाल की मग विकतचं खाद्य बंद. बंद नाही होणार. ओल्या गांडुळात ८० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, म्हणजे एक किलोतून जेमतेम १०० ग्रॅम प्रथिनं, आणि अंड्यावरच्या कोंबडीला रोज १५ ग्रॅमच्या वर लागतात, दहा कोंबड्यांना दीड किलो गांडुळं रोज कुठून आणणार? टाकीत दहा किलो झाली आणि चांगली दोन महिन्यांत दुप्पट होत राहिली तरी महिन्याला पाच किलोच काढता येतील, त्याहून जास्त काढली की मूळच संपेल. पहिले चार महिने तर एकही काढायचं नाही.

म्हणून मला वाटतं गांडुळं पिल्लांना, आणि पावसाळा संपल्यावर ज्या कोंबड्या पिसं गाळतात त्यांना द्यावी. पीस म्हणजे प्रथिनच, नवीन पिसं येताना त्यांना खरी गरज असते. पिल्लांना घालताना तुकडे करा, एकाच्या चोचीत गांडूळ लोंबताना दिसलं की बाकीची सगळी त्याच्या मागे धावत सुटतात, लहान पिल्लाला काही मिळतच नाही. बाकीच्यांना आठवड्यातून दोनदा मूठभर. कणी, भरडा, थोडी पेंड हे चालूच राहील, आणि खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून वेगळ्या ठेवा, अंड्याच्या कवचाला लागणारं कॅल्शियम गांडुळातून पुरेसं मिळत नाही.

काढायची सोपी पद्धत म्हणजे एका कोपऱ्यात गोणपाटाखाली पिकलेल्या केळ्याच्या साली ठेवायच्या, दोन दिवसांत तिथे गोळा होतात, वरच्यावर उचलायची. धुऊन ओल्या फडक्यात काही तास ठेवायची म्हणजे पोटातली माती निघते, मग उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं. आई, तुला किळस येत असेल तर हे काम बाबांचं, चुलीजवळ स्टूल घेऊन बसून करा बाबा.

चिऱ्यांचे आणि गवंड्याचे पैसे आज पाठवलेत. नको नको करून परत पाठवू नका. पाऊस सुरू व्हायच्या आत बांधून घ्या आणि ओट्याची उंची बांधायच्या आधी आईला शेजारी उभी करून मापा, तुमच्या उंचीने मापू नका. बाबांच्या बीपीच्या गोळ्या कधी संपतात ते कळवा, येताना घेऊन येते.

तुमची,
सुमी