१ नोव्हेंबरच्या आधी : कॉलेजात शिकणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

कर्नाटकाच्या स्थापनेची राज्योत्सव मिरवणूक आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिन एकाच तारखेला येतात, आणि त्याचे पडसाद आधी हॉस्टेलात आणि स्टेटसवर उमटतात. म्हणून आताच सांगून ठेवतो.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर बोला, मोकळेपणाने बोला. १९५६ ची राज्य पुनर्रचना चुकली म्हणा, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणाऱ्या महाजन अहवालाची चिरफाड करा, मराठीतून कागदपत्रे मागा. घटनेचे कलम १९ बोलण्याचे स्वातंत्र्य देते, कलम २९ भाषा आणि लिपी जपण्याचा हक्क. समोरच्याला राग आला म्हणजे तुमचा गुन्हा झाला असे होत नाही.

मात्र सरकारवर टीका वेगळी आणि शेजारच्या खोलीतल्या कानडी पोराला त्याच्या भाषेवरून शिवी देणे वेगळे. भाषा, धर्म, जन्मस्थान यांवरून वैर पसरवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' ही सबब चालेल असे धरून चालू नका.

आपल्याविरुद्ध कोणी तसे लिहिले तर? तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, प्राचार्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. जमाव करून कोणाच्या दारात जायचे नाही. जाहीर उत्तर द्यायचे तर कानडीतही द्या. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ती उत्तम येते, उगाच लाजतात.

तक्रारीचा मसुदा वाचनालयात ठेवला आहे. धमकी आली तर मात्र मसुद्याची वाट न पाहता थेट ११२ वर फोन करा.

— चिटणीस