खातं कुणाचं, ते विचारा

संपादक महोदय,

मालवणच्या मासळी बाजारावरचा कालचा लेख वाचला. मोबाइलवरून पैसे देता येत असल्यामुळे सुट्ट्या पैशांची कटकट मिटली, असं त्यात आहे. मी दर रविवारी त्या बाजारात जातो, म्हणून लिहितो.

गेल्या रविवारी दोनशेचा बांगड्यांचा वाटा घेतला आणि पाचशेची नोट पुढे केली. माझा फोन बटणांचा. मावशींकडे तीनशे रुपये सुटे नव्हते, शेजारच्या चौघींकडेही नव्हते. सगळी गिऱ्हाइकं स्कॅन करून जातात, मग पिशवीत नोटा येणार कुठून? वीस मिनिटं उभा होतो. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘न्हेवा, मगे देवा.’ तीस वर्षांची ओळख म्हणून हे झालं. अनोळखी माणसाला रिकाम्या हाताने परत जावं लागलं असतं.

त्याहून लागलं ते पुढचं. पैसे घेण्याचा क्यूआर कोड कुणाच्या नावावर, असं मावशींना विचारलं. ‘झिलाच्या (मुलाच्या). तो मुंबैत. पैशे थंयच जातत. फाल्या (उद्या) लिलावाक काय घेवन जाव?’ लिलावात त्यांना रोख मोजावी लागते. नसेल तर व्यापाऱ्याकडून उधारीवर, चढ्या भावाने मासळी उचलायची. दिवसभर उन्हात बसून मासे विकले, तरी उद्याचं भांडवल हातात नाही! तुमच्या वार्ताहराने मासळीच्या पाट्यांवरचे कोड मोजले, पण खातं कुणाचं हे एकीलाही विचारलेलं दिसत नाही.

पैसे आल्याचं ओरडून सांगणाऱ्या पेटीचं भाडंही त्यांच्याकडून दरमहा कापलं जातं. १ जूनला मासेमारी बंदी लागून यांत्रिक नौका बंद झाल्या की पाटीत सुकी मासळी तेवढी उरते. भाडं मात्र चालूच. बंदीच्या काळात तरी ते माफ व्हायला हवं.

साध्या फोनवरून पैसे देण्यासाठी यूपीआय १२३पे ही सोय २०२२ पासून आहे. मी बँकेत चौकशी केली, तर ‘स्मार्टफोन घ्या’ एवढंच उत्तर मिळालं. बँकेच्या माणसाने एक सकाळ बाजारात बसावं, या बायकांची स्वतःच्या नावाची खाती उघडावीत आणि कोड त्या खात्यांना जोडून द्यावेत. एवढं काम अवघड नाही.

आणखी एक. पावसाळ्यात वीज गेली की थोड्या वेळाने रेंजही जाते. गेल्या वर्षी दोन दिवस असं झालं. गिऱ्हाइकं समोर उभी होती, पण त्यांच्या खिशात रोकड नव्हती. मासळी पुन्हा बर्फात गेली. त्याची बातमी तुमच्या अंकात आली नाही, ती यायला हवी होती.

– एक नियमित वाचक, मालवण