मंत्रीसाहेब, ताराबाई परत हरवायला नकोत

मा. मराठी भाषा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी एक साधी वाचक. मराठीत बायकांनी लिहिलेली पुस्तकं शोधून वाचते आणि त्यांच्याबद्दल ऑनलाइन लिहिते, आणि दर वेळी लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ताई पुस्तक कुठे मिळेल? या एका प्रश्नापायी हे पत्र.

मागे ताराबाई शिंद्यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’बद्दल लिहिलं होतं. 1881 साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला तान्ह्या बाळाच्या हत्येसाठी फाशी सुनावली (ती पुढे कमी झाली), पेपरांत बाईच्या जातीलाच नावं ठेवणं सुरू झालं, आणि बुलढाण्याच्या ताराबाईंनी सरळ विचारलं की जे दोष आमच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का? 1882 ला पुस्तक छापून आलं. जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. आणि मग? पुढची नव्वदेक वर्षं त्या पुस्तकाची जवळजवळ कुणालाच आठवण नाही! 1975 मधे संशोधक स. गं. मालशेंनी ते परत छापून आणलं म्हणून आज आपण ताराबाईंचं नाव घेतोय, एका माणसाने मनावर घेतलं म्हणून. नसतं घेतलं तर? या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

त्या लिखाणानंतर एका मुलीचा मेसेज आला, ती तिच्या गावच्या लायब्ररीत जाऊन आली होती, रजिस्टरमधे पुस्तकाचं नाव आहे आणि पुढे लाल शाईने लिहिलंय ‘गहाळ’. तिने त्या पानाचा फोटो पाठवला होता, मी तो डिलीट केलेला नाही.

आता मुद्द्याचं बोलते. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो. रमाबाई रानडे 1924 ला गेल्या, लक्ष्मीबाई टिळक 1936 ला, काशीबाई कानिटकर 1948 ला, म्हणजे यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन छापायला, नेटवर टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. नेटवर काही जुनी पुस्तकं आहेत, नाही असं नाही, पण ती बहुतेक स्कॅन म्हणजे पानांचे फोटो, मोबाईलवर झूम करकरून डोळे दुखतात, जोडाक्षरं पुसट, सर्च चालत नाही, एक ओळ कॉपी करायची तर परत टाइप करा, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरला त्यातला एक शब्द वाचता येत नाही. तर साहेब, ही पुस्तकं युनिकोडमधे, म्हणजे सर्च आणि कॉपी करता येतील अशा अक्षरांत, टाइप करून घ्या आणि सगळ्यांसाठी खुली करा. प्रूफं आम्ही वाचक तपासून देतो, फुकट, रात्री बसून, मनापासून सांगतेय.

ज्यांचा कॉपीराइट अजून आहे त्यांच्यासाठी निदान जिल्हा ग्रंथालयात एकेक प्रत तरी पाहिजे. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान चालवायच्या, माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचत बसायच्या, आणि स्वतःचं लिहिलेलं त्यांनी घरच्यांपासून वीस वर्षं लपवून ठेवलं. तेच ‘जिणं आमुचं’ हे आत्मचरित्र. इतकी वर्षं जपून ठेवलेलं लिखाण कुणी वाचायला मागितलं आणि कपाटात सापडलंच नाही, हे बरं दिसत नाही हो.

3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा मी रात्री जागून पोस्ट लिहिली होती, इतका आनंद झालेला. मुक्ता साळवेने शाळकरी वयात 1855 ला ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखावर लिहिलं, तेही याच मराठीत. तिच्यापासून यादी सुरू करा असं माझं म्हणणं आहे.

माझ्याकडे अशा चाळीस पुस्तकांची यादी तयार आहे. तुमच्या ऑफिसात ती कुणाच्या नावाने पाठवू, तेवढं कळवा.

आपली,
एक वाचक