मायच्या कानातली बोंडं

नागपूर,
23 नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि माय यांना,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवरच सांगणार होते. पण परवा बाबा वावरातून बोलत होते तेव्हा 12 मिनिटांत मला धड ऐकू आलं ते इतकंच, की तूर फुलावर आली, लाली गाय आटली आणि "हाबी गेला". बाकी नुसती सरसर. म्हणून कागद घेतला. बाबा, रात्री जेवणं झाल्यावर मायला वाचून दाखवा आणि मधलं पान गाळू नका. तुमच्यावरचा राग त्याच पानावर आहे.

पोळ्याला घेतलेला एक इअरफोन, दसऱ्याचा एक आणि आता हाही गेला. शंभर-सव्वाशेचा एक धरला तरी तीन महिन्यांत साडेतीनशे रुपये बाजारात गेले. वर तुमचा निरोप, "स्वस्त पायजे, टिकाऊ पायजे अन् पऱ्हाटीत अडकला नाही पायजे." माय मागून ओरडली, "अन् माह्या रेडिओचं पाह्य म्हणा तिले!" मी दिवसाचे आठ तास कानाला हेडफोन लावून लोकांची गाऱ्हाणी ऐकते, तेव्हा हिला यातलं सगळं कळत असेल असं तुम्हाला वाटलं. निम्मं कळत होतं. उरलेलं सीताबर्डीच्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे तासभर स्टुलावर बसून शिकून आले.

दिवाळीहून परत येताना मी ते दोन मेलेले इअरफोन आणि मायचा बटनांचा फोन पिशवीत टाकला होता, आठवतं? त्या माणसाने पहिला इअरफोन स्वतःच्या फोनला लावला आणि बोंड माझ्या कानाशी धरलं. (माय त्यांना बोंडं म्हणते, आता माझ्याही तोंडात तेच बसलं आहे. ऑफिसात परवा सगळ्यांसमोर म्हणून गेले.) खणखणीत वाजत होता. मी म्हटलं, अहो, हा तर बिघडलेला आहे. त्याने मायच्या फोनकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, घरी कापूस हाय का?"

मग बारीक चिमट्याने फोनच्या त्या गोल छिद्रात कोरलं, तर आतून कापूस निघाला. दाबून दाबून बसलेला, देवापुढच्या फुलवातीएवढा, एका टोकाला धुळीने काळा आणि दुसऱ्या टोकाला अजून पांढरा. पिन तळापर्यंत जातच नव्हती. कंबरेच्या वटीत कापूस आणि त्याच वटीत फोन, मग दुसरं काय होणार! रेडिओही त्यानेच बंद पडला होता. या फोनात इअरफोनची वायर हीच रेडिओची एरियल असते. पिन नीट टेकली नाही की स्टेशन लागत नाही, आणि आपली माय म्हणते, आकाशवाणीवालेच झोपले.

तेव्हा बाबा, तिसरा इअरफोन फेकण्याआधी तुमच्याही फोनच्या छिद्रात डोकवा. फोन बंद करायचा, टॉर्चचा उजेड पाडायचा आणि दात कोरायच्या लाकडी काडीने अलगद काढायचं. सुई, टाचणी घालू नका, आतल्या पत्र्या वाकतात. फुंकरही नको, तुमच्या फुंकरीत तंबाखू असतो.

दुसरा मात्र खरंच गेलेला होता. त्याने पिनेजवळची रबरी नळी ब्लेडने उभी चिरली. आत केसाहून बारीक तांब्याच्या तारा आणि त्यांच्या मधोमध बळकटीला एक दोरा. तारा पिनेच्या गळ्याशी तुटून गेल्या होत्या, नुसता दोरा धरून होता. म्हणून बाहेरून धडधाकट दिसायचा आणि वायर एका बाजूला मुरगळून धरली की तेवढ्यापुरता वाजायचा. वर बोंडाजवळ चिरलं तर तिथल्या तारा हिरव्या. पितळेच्या गंजात ताक कळकतं ना, तसला हिरवा. हे घामाचं मीठ. त्याच्याकडे येणारे इअरफोन तीनच जागी तुटलेले असतात म्हणाला: पिनेचा गळा, वायर दोन कानांसाठी फुटते ती जागा आणि बोंडाचं बूड. आवाज कसा आहे, बास किती आहे हे दुकानात सगळे विचारतात, या तीन जागा कोणी वाकवून पाहत नाही.

मी पाहिल्या. पहिल्यांदा मला सुती विणीची लाल वायर आवडली होती, नाड्यासारखी, दिसायला लय मजबूत. पैसे काढता काढता धुऱ्यावरचं गवत आठवलं. त्यातून एकदा मायची फेरी झाली की ती वायर म्हणजे कुसळांची माळ! ठेवून दिली. मायसाठी घेतला तो साध्या गुळगुळीत रबरी वायरचा आहे, चपटी वायर, गुंता कमी होतो. पिन सरळ नाही, काटकोनात वाकलेली आहे, म्हणजे बसता-उठता गळ्यावर ताण येत नाही. 399 रुपये.

आणि माय, त्याला कानात रुतणारं मऊ रबर नाही. मुद्दामच. रबराचं बोंड कानाला बूच मारतं, गाणं छान वाजतं पण बाहेरचं जग बंद. जुन्या पद्धतीचं, कडक, नुसतं कानाच्या तोंडाशी टेकणारं बोंड असलं की शेजारच्या ओळीतली काकू हाक मारते तीही ऐकू येते. दुकानदार त्याला जुना माल म्हणून कमी किमतीत देतात, आपल्या कामाला तोच बरा. ते निसटतं हे खरं, पण तू वेचणीला दुपट्टा कानावरून बांधतेसच, तो धरून ठेवेल. वायर पोलक्याच्या आतून घे. फोन वटीत नाही. त्याच्यासाठी छोटी बटव्यासारखी पिशवी शिवून घेतली आहे, गळ्यात घाल.

बिनवायरची सुटी बोंडं, ती डबीत ठेवायची, तुम्हाला कोणी कितीही सांगितली तरी घ्यायची नाहीत. माझ्या खोलीतल्या मुलीचं एक नाल्यात गेलं, उरलेलं एक ती सहा महिने जपून ठेवते आहे. वेचताना तुझं पडलं तर कापसाबरोबर जिनिंगला जाईल आणि तिथे गाठीत दाबून परदेशी रवाना होईल.

बाबांसाठी गळ्यात घालायचा नेकबँड घेतला. तुमच्या खिशातून वायर लोंबली की ती बैलाच्या शिंगात नाही तर फाटकाच्या कडीत अडकतेच, हे तीन वेळा झालं. नेकबँडची वायर मानेपासून कानापर्यंत, वीतभर. काढला तरी गळ्यातच राहतो. याच्या डब्यावर आयपी 55 लिहिलं आहे, ते पाहूनच घेतला. त्यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. पुष्कळ डब्यांवर आयपीएक्स 4 असतं. तो एक्स म्हणजे धुळीबद्दल काही सांगितलेलं नाही, आणि 4 म्हणजे शिंतोडे उडाले तर चालेल. 5 म्हणजे पाण्याची धार आली तरी तग धरेल. 7 असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास पडला तरी चालतो, पण तुम्ही विहिरीत उतरत नाही, त्यामुळे त्याचे जास्त पैसे मोजले नाहीत. वावरात आपल्याला धूळच जास्त. या तपासण्या साध्या पाण्याच्या असतात हे लक्षात ठेवा, घामाच्या आणि साबणाच्या नाहीत. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसायचा, मग कोरड्याने, आणि पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावायचा नाही. 1,299 पडले. महाग वाटेल, पण वर्षाची वॉरंटी आहे आणि बिल मी माझ्याकडे ठेवलं आहे, कारण तुमच्याकडे दिलं तर ते पंचांगात जाईल आणि पुढच्या गुढीपाडव्याला पंचांगाबरोबर बदलेल. उन्हाळ्यात टिनाच्या खोपडीत किंवा गाडीच्या हँडलला टांगून ठेवू नका. तसल्या उन्हात बॅटरी लवकर मरते.

कान उघडाच ठेवून गालाच्या हाडातून आवाज पोचवणारं एक यंत्रही पाहिलं. आमच्याकडचा एक जण पळायला जाताना ते घालतो. खरं तर शेतकऱ्यालाच पाहिजे ते. पण चांगलं घ्यायचं तर पाच हजारांच्या पुढे, आणि तेवढ्यात बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाच थैल्या येतात, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणून घेते.

आता ते पान. बाबा, मोठ्याने वाचा.

तुरीची फवारणी तोंडावर आहे. पंप पाठीवर असताना कानात काही म्हणजे काही घालायचं नाही. औषधाचे हात त्याच बोंडाला लागतात आणि ते बोंड कानात जातं, घामाने कातडी ओली असते. घरी येऊन तुम्ही हात धुता, बोंड कोण धुतं? 2017 चा हंगाम आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही, फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली. तेव्हा तुम्ही मळमळतं म्हणत दोन दिवस बाजेवर होता आणि "पित्त हाय" म्हणून दवाखान्यात गेला नाही. म्हणून सांगते, त्या दिवशी नेकबँड घरी, खुंटीला.

दुसरं, रात्रीचं ओलित. लाइन रात्रीची असली की तुम्ही दोन्ही कानांत घालून हरभऱ्याला पाणी देता, हे मला मायने सांगितलं आहे. तिला काही बोलू नका. बाबा, घोणस चावायच्या आधी बहुतेक वेळा कुकरसारखी फुसफुसते, लांबूनही ऐकू येते. ती सोय तिने तुमच्यासाठी ठेवली आहे आणि तुम्ही त्यावर कीर्तन लावता! रानडुकरं पऱ्हाटीत शिरली की आधी आवाजच येतो. आणि वाघाचं मी काय सांगू? 2018 च्या नोव्हेंबरात राळेगावकडे टी-1 वाघीण मारली गेली तोवर माय एकटी वावरात गेली नव्हती, बाया घोळक्याने जायच्या, खोकत, बोलत. तेव्हा तुम्हीच मला फोनवर म्हणायचे, कान टवकारून राहा लागते.

म्हणून रात्री एकच कान. डावा भरा, उजवा उघडा, आणि दर थोड्या वेळाने बदला. एका कानात गाण्याचा अर्धा बाजा गायब होतो ही तुमची तक्रार बरोबर आहे, कारण तबला एका बाजूला आणि पेटी दुसऱ्या बाजूला भरलेली असते. त्यावर इलाज आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' नावाचं बटन असतं, ते चालू केलं की दोन्ही बाजूंचं एकाच कानात येतं. शेजारच्या पोट्ट्याला सांगा, तो दोन मिनिटांत करून देईल.

मळणी यंत्राजवळ आणि ट्रॅक्टरवर आवाज वाढवून ऐकू नका. आम्हाला ऑफिसात हे शिकवतात: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास चालतात, पण 90 ला चारच. म्हणजे थोडा वाढवला आणि वेळ दहापट घटली. यंत्राच्या आवाजावर मात करायला तुम्ही किती वाढवत असाल ते मला माहीत आहे, कारण फोनवर तुम्ही आता मला दोनदा विचारता, "काय म्हणते?" रागावू नका. एवढं करा, माय हातभर अंतरावरून साध्या आवाजात बोलली आणि कळलं तर आवाज ठीक आहे.

माय, तुझंही एक आहे. कानात कोमट तेल घालून वर बोंड लावू नकोस. जाळी तेलाने भरते, त्यावर धूळ बसते, मग एका कानाचं बंद. बंद झालंच तर बोंड पालथं धरून जुन्या, कोरड्या दात घासायच्या ब्रशने जाळी हलकेच झाडायची. आणि दोघांनी एकमेकांचं वापरायचं नाही, एकाचा कान ठणकला की दुसऱ्याचाही ठणकतो.

वावरात बोलताना वारं माइकमध्ये शिरतं, त्याची ती सरसर असते. वाऱ्याकडे पाठ करून बोला, नाही तर खोपडीच्या आडोशाला जा. नेकबँडनेही ते पूर्ण जाणार नाही, पण तूर फुलावर आली यापुढचं तरी कळेल. लालीला डॉक्टर दाखवला का, तेही त्या 12 मिनिटांत होतं बहुतेक.

सामान शुक्रवारी सरपंचांच्या मुलाबरोबर पाठवते, तो पांढरकवड्याहून संध्याकाळी गावात पोचेल. पिशवीत मायचा फोन आहे, पोटातला कापूस काढून. ती फुलवात मी फेकली नाही, डबीत ठेवली आहे. बाबा, मायचा इअरफोन तुम्हीच लावून द्या, पिन "टक्" वाजेपर्यंत आत ढकला. स्टेशन लागलं की मला एक मिस्ड कॉल द्या. उचलणार नाही, पैसे जातील.

तुमची,
ताई